रक्तावरची साय

हापशाचा दांडा हलका लागू लागला की आमच्या गावात उन्हाळा सुरू झाला असं धरतात. पंचांगात मग काहीही असो. यंदा माघ सरायच्या आतच दांडा हलका झाला. सकाळी घागर घेऊन गेले, पंधरा-वीस वेळा हापसलं, तर जमिनीच्या पोटातून नुसता कोरड्या घशाचा आवाज येत राहिला. शेजारच्या सरूकाकू ओट्यावरून म्हणाल्या, "कावून जीव काढायलीस शारदा? टँकर येतंय की धा वाजता."

टँकर म्हटलं की मला बर्फ आठवतो. हे कुणाला सांगितलं तर विचित्र वाटेल, म्हणून सांगत नाही. रिकामी घागर घेऊन परत आले, उंबऱ्यावर बसले, आणि बऱ्याच वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा, जनावरांच्या छावण्यांचा उन्हाळा, हळूहळू शेजारी येऊन बसला.

आमचे आप्पा पौषात गेले. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. आप्पांना बसवलं तेव्हा त्यांची पाठ ताठ होती, डेअरीच्या खुर्चीत असायची तशीच. तेव्हापासून मी रजा काढून गावी आहे. मला पुस्तकं लवकर वाचून होतात, पण रडायला वेळ लागतो. लिहायलाही. रोज अर्धं पान होतं. त्यातही खाडाखोड.

आमचं घर आणि गावच्या सहकारी दूध संस्थेची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. आप्पा संस्थेचे सचिव होते, पण तो शब्द पाटीपुरता. गाव त्यांना 'फॅटवाले आप्पा' म्हणायचं. माझी झोप कॅनच्या झाकणांच्या आवाजानं उघडायची. भिंतीपलीकडून आंबूस दुधाचा वास यायचा आणि त्याच्या मागोमाग नाकात टोचणारा दुसरा, तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा. दुधात तेजाब पडलं की काचेची नळी हातात धरवत नाही इतकी तापते, आतलं दूध तपकिरी होतं, आणि मग नळीच्या बारीक मानेत पिवळसर पारदर्शक फॅट वर येऊन उभी राहते. आप्पा ती नळी डोळ्यासमोर धरायचे, एक डोळा मिटायचे आणि आकडा सांगायचे. तो आकडा म्हणजे शेवटचा शब्द.

"आप्पा, म्हैस तीच, चारा तोच, मग आज फॅट कशी कमी लागली?" दगडूमामा कॅन आपटून विचारायचे. ते माझे खरे मामा नव्हेत. साऱ्या गावाचे मामा.

"म्हशीला इचार बे," आप्पा म्हणायचे. "मी फकस्त नळी वाचतो."

"कधीतर चुकत असशील का न्हाई तू?"

"मी? न्हाई."

आणि खरंच, त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत आप्पांनी 'माझं चुकलं' असं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. घरातही नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ते म्हणायचे, मिठाची पुडीच जास्त खारट आली असेल. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. ज्याच्या एका आकड्यावर साठ घरं विसंबून असतात, त्याला चुकण्याची चैन परवडत नाही, एवढं मला पुढे प्रयोगशाळेत उभी राहिल्यावर कळलं.

माझ्यात तो गुण त्यांच्याकडून आला. मी नळ्यांमध्येच राहिले, फक्त दुधाच्या जागी रक्त आलं. अंबाजोगाईला एका प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा आप्पांनी पहिला प्रश्न विचारला होता, "तिथं तेजाब कुठलं वापरतेत?" मी म्हटलं, तेच. त्यांना फार बरं वाटलं.

आई मी कॉलेजात असतानाच गेली. सकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात परातीत पडला आणि उचललाच गेला नाही. मोठ्या दवाखान्यात तीन दिवस. रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती. तिथले एक डॉक्टर जाता जाता म्हणाले, "रक्त दाट होतं." एवढंच. आमच्या घरात तोपर्यंत दाट हा शब्द कौतुकाचा होता. दाट दूध, दाट साय, मंगलचे दाट केस. त्या दिवसापासून आप्पांनी तो शब्द टाकला. म्हशीचं दूध कितीही चांगलं असलं तरी ते 'बरं हाय' एवढंच म्हणायचे.

मंगल माझी धाकटी बहीण. मी लग्न केलं नाही, तिचं केलं. गेवराईकडे चकलांब्याला दिली. घर चांगलं, माणसं चांगली. पण दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेलं. दुसऱ्या खेपेनंतर तिच्या सासूबाईंनी एकदा भाजी निवडताना विचारलं, "तुज्या आईचं कशानं झालतं गं?" त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं. मंगल म्हणाली, तेच तर वाईट. त्या छावण्यांच्या उन्हाळ्यात ती माहेरी आली होती. परत कधी जायचं, हे कुणी विचारत नव्हतं आणि ती सांगत नव्हती.

त्याच उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी होमोसिस्टीनवर संशोधन हाती घेतलं होतं. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीसुद्धा पुस्तक उघडून पाहिला होता. आपण खाल्लेली प्रथिनं शरीरात एकाची दुसरी होत जातात, त्या वाटेवर मध्येच हा एक पदार्थ तयार होतो. बी-बारा आणि फोलिक आम्ल ही जीवनसत्त्वं पुरेशी असतील तर तो पुढे सरकतो. नसतील तर रक्तात साचून राहतो. साचला तर रक्तवाहिन्यांना बरा नाही. गुठळ्यांशी त्याचा संबंध असावा, आणि पोटातली बाळं न टिकण्याशीही असावा, असं मॅडम म्हणायच्या. 'असावा' या शब्दावर त्या नेहमी जोर द्यायच्या. बी-बारा मांसाहारातून मिळतं, नाहीतर दुधातून. आमच्यासारख्या घरांत अंडंसुद्धा शिवत नाही, म्हणजे सगळी भिस्त दुधावर. आणि त्या वर्षी दूध कुठे होतं? जनावरं छावणीत बांधलेली. उसाच्या वाढ्यांवर जगणाऱ्या गाई-म्हशी जेवढं देत, तेवढं सगळं डेअरीला. गावभर कोरा चहा. फॅटवाल्या आप्पांच्या घरीसुद्धा कोरा चहा. संध्याकाळचं संकलन बंदच झालं होतं. सकाळी मोजके सभासद तळाशी हललेलं दूध घेऊन येत, तरी आप्पा खोली वेळेवर उघडत, खुर्ची पुसत आणि ताठ बसत. चेअरमन एकदा म्हणाले, "आप्पा, पाऊस पडूस्तोर कुलूप लावू." आप्पा म्हणाले, "तुमी लावा. मी भाईर बसून तपासतो."

मॅडमना अशीच गावं हवी होती, आणि त्यातलं एक माझं निघालं.

आधी दवंडीसारखी खबर द्यावी लागली. होमोसिस्टीन हा शब्द गावाच्या तोंडात बसेना. दोन दिवसांत त्याचं 'होमोशिस्टर' झालं, आणि मग लोकांनी ठरवलं की ते माझंच पद आहे. दवाखान्यात असते ती सिस्टर, घरी येते ती होमोशिस्टर. सरूकाकू मला खिडकीतून हाक मारून विचारत, "होमोशिस्टर, उद्या उपाशीच यायचं न्हवं?" मी दुरुस्त करायचा प्रयत्न केला नाही. काही पदव्या विद्यापीठ देत नाही.

आणि बर्फ. या तपासणीला बर्फ लागतोच. नळीत घेतलेलं रक्त आपल्याला मेल्यासारखं वाटतं, पण तसं नसतं. त्यातल्या तांबड्या पेशी काम करतच राहतात, होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात. नळी उबेत राहिली की तासातासाला आकडा चढतो, आणि तो त्या माणसाचा आकडा उरत नाही. बर्फात ठेवलं की पेशी गप्प होतात. मग काही तासांत प्रयोगशाळेत नेऊन, यंत्रात फिरवून, वरचा पिवळा द्रव वेगळा काढला की झालं. रक्त अंगाबाहेर आलेलं असतं, पण ते त्याला अजून कळलेलं नसतं. हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहिलं होतं. या पौषात, आप्पांच्या चपला दारात पाहून सवयीनं दोन कप चहा ठेवला, तेव्हा ते पुन्हा आठवलं.

तालुक्यातला बर्फाचा कारखाना पाण्याअभावी बंद होता. शेवटी दूध संघाच्या शीतकेंद्रातून मॅडमनी चिठ्ठी देऊन एक पेटीभर बर्फ मिळवला. जीप गावात शिरली तेव्हा टँकरची रांग लागलेली. पेटी उतरवताना झाकण जरा सरकलं आणि पांढरी वाफ बाहेर आली. सगळी रांग बघतच राहिली.

"प्यायला थेंब न्हाई अन् रगताला बर्फ!" कुणीतरी बोललं. कुणी हसलं नाही. मी एक खडा फोडून रांगेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातावर ठेवला. तिनं तो तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. तिच्या मागच्या बाईनं विचारलं, "काय गं, झोपलीस का?" मग मात्र हशा पिकला, आणि मला पेटी उचलून आत जाता आलं.

चौदा जण आले. सगळे अनशापोटी. दगडूमामा पहिले. दंड पुढे करून म्हणाले, "घे बाई. आमचं रगत पाणी न घातलेलं हाय, डिग्री बघून घे." सरूकाकूंनी सुई टोचताना 'शिवा शिवा' म्हणत डोळे मिटले आणि नळी भरल्यावर विचारलं, "एवढंच? मला वाटलं, चरवीभर घेताव." जांभळ्या टोपणाच्या नळ्या, प्रत्येकीवर नावाऐवजी क्रमांक. मंगल नववी.

तिचा हात माझ्या हातात होता तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, जास्त लागलं तर मला एकटीला सांग. चकलांब्याला नको."

"काही जास्त लागत नाही," मी म्हटलं. माझा अंगठा तिच्या शिरेवर होता आणि तिची नाडी मला जाणवत होती.

साडेसात वाजले होते. मला आणि जीपवाल्याला पुढे दोन वस्त्यांवर जायचं होतं. चौदा नळ्या मी लहान पेटीत बर्फात रोवल्या आणि डेअरीच्या टेबलावर ठेवल्या. "आप्पा, ही पेटी तुमच्याजवळ राहू द्या. आम्ही दुपारपर्यंत येतो."

"जा तू. मी हाय की हितं."

उघडू नका, असं मी म्हटलं नाही. ज्या माणसानं मला नमुना हातात कसा धरायचा ते शिकवलं, त्याला नमुना सांभाळायला मी काय शिकवणार होते?

दुपारी साडेबाराला परत आलो. आप्पांनी पेटी हातात दिली, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. मी तिथेच उघडून पाहिली. नळ्या बर्फात ओळीनं उभ्या. जीप निघाली. वाटेत छावणी लागली, वाढ्यांचा गोडसर कुजका वास आला, आणि मला बरं वाटलं की काम नीट झालं.

आमच्या तपासणीची एक उलटी रीत होती. प्लास्टिकच्या पट्टीवर छोटे छोटे खळगे. त्यांत नमुना, मग एकामागून एक द्रव, मग निळा रंग उमटतो आणि शेवटी तेजाबाचा एक थेंब टाकला की निळ्याचा पिवळा होऊन तिथेच थांबतो. ज्याचं होमोसिस्टीन कमी, त्याचा पिवळा गडद. ज्याचं जास्त, त्याचा फिका. म्हणजे जिथे काळजी करायची, तिथे डोळ्याला काहीच दिसत नाही.

मी तेजाब टाकत गेले. वस्त्यांवरचे खळगे पिवळे होत गेले, कुठे गडद, कुठे मध्यम. आमच्या गावाची ओळ आली आणि सगळी ओळ फिकी पडली. पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत. नववा खळगा मी वाकून पाहिला, चष्मा काढून पाहिला. पाणी वाटावं इतका फिका.

यंत्रानं आकडे दिले तेव्हा मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. वस्त्यांच्या जवळपास दुप्पट. "तुमच्या गावात असं काय आहे, शारदा?" त्या म्हणाल्या. "पाणी? की दूध अजिबातच नाही? आणि हा नऊ नंबर कोण? वयानं लहान आहे ना?"

मी सांगितलं नाही. क्रमांक एवढ्यासाठीच असतात. म्हटलं, "हो, लहान आहे."

पुढचे चार दिवस मला नीट आठवत नाहीत; फक्त तुकडे आठवतात. खानावळीतल्या ताटातली न खाल्लेली पोळी. पुस्तकातलं एकच पान पुन्हा पुन्हा. आईचा परातीत पडलेला हात, त्याच्या बोटांना लागलेलं पीठ. मी शिकलेली बाई, 'असावा' आणि 'आहे' यांतला फरक मला चांगला कळत होता. पण आई, मंगल, दोन बाळं आणि तो फिका खळगा यांची एक सरळ रेघ माझ्या डोक्यात तयार झाली होती आणि ती पुसता येत नव्हती. दाट रक्त. घराण्याचं रक्त. मंगलला काय सांगायचं? आणि चकलांब्याला कुणी सांगायचं?

मॅडम म्हणाल्या, सगळ्यांचं रक्त पुन्हा घेऊ. तो निरोप द्यायला मी रविवारी सकाळी गावी गेले. स्टँडवरच दगडूमामा भेटले. "काय होमोशिस्टर, आमचं किती लागलं?"

"मामा, जरा जास्त लागलंय. सगळ्यांचंच. परत घ्यावं लागेल."

मामांचा चेहरा उजळला. ते मागे वळून हॉटेलातल्यांना ओरडून म्हणाले, "ऐकलं का बे! आपल्या गावाची फॅट जास्त लागली! वस्तीवाले बसले बोंबलत!" त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. रक्तात जास्त म्हणजे वाईट, हे कळल्यावर मात्र त्यांचा आवाज एकदम खाली आला. "म्हंजे... लकवा का काय म्हणतेत तसं?" आणि मी हॉटेलापासून घरापर्यंत पोचेस्तोवर ती बातमी माझ्या पुढे गेली होती. बायका दारात उभ्या होत्या आणि मला कुणी होमोशिस्टर म्हणून हाक मारली नाही.

घरात मंगल होती. तिच्या नजरेला नजर द्यायचं टाळून मी सरळ भिंतीपलीकडे डेअरीत गेले. आप्पा खुर्चीत. समोर शीतकेंद्रातून फेरतपासणीसाठी परत आलेल्या दुधाच्या नमुन्यांच्या बाटल्या, थंडगार, अंगावर घाम आलेल्या. मी शेजारच्या स्टुलावर बसले. त्यांचे हात बघत राहिले. आप्पांनी एक बाटली उचलली, उजेडात धरली. वर सायीचा जाड थर आला होता. त्यांनी मान हलवली, शेजारच्या भांड्यातल्या पाण्यात कोपर बुडवून ऊब पाहिली, आणि बाटली त्या कोमट पाण्यात उभी केली. मग दुसरी. मग तिसरी.

हे मी लहानपणापासून हजार वेळा पाहिलेलं होतं. थंड दुधाची साय वर धरते. तसंच तपासलं तर फॅट खोटी लागते. म्हणून नमुना आधी कोमट करायचा, साय विरघळू द्यायची, हळूच उलटापालटा करून एकजीव करायचा. मला चालता येऊ लागलं तेव्हापासून मला हे माहीत होतं.

मी स्टुलावरून उठले.

"आप्पा," मी म्हटलं, "त्या दिवशी माझ्या नळ्या..."

"त्या पण केल्या की कोमट," आप्पा बाटली फिरवत म्हणाले. "तू सांगून न्हाई गेलीस, पण मला कळत न्हाई का? तू गेल्यावर घटकाभरानं उघडून बघितलं, तर समद्या नळ्यांवर साय धरलेली. खाली लाल, वर पिवळं. म्हटलं, अशी नेली तर पोरीचं तपासणं खोटं निघंल. चांगलं कोमट पाणी बदलत बदलत ठेवल्या. जीपचा आवाज आला तवा परत बर्फात लावल्या, वाटेनं हिंदकळू न्हाई म्हणून."

"पाच तास?"

"पाच तासच म्हण. पाणी बदलाया उठलो तेवढंच."

मी हसायला लागले. मग रडायला लागले. आप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भांड्यातल्या बाटल्यांकडे. त्यांना कळलं होतं, की काहीतरी झालंय आणि त्याचा त्यांच्या हातांशी संबंध आहे.

मी त्यांना सगळं सांगितलं. रक्तावर वर येते ती साय नसते, पेशी खाली बसल्या की वर राहिलेलं रक्ताचं पाणी असतं. ऊब मिळाली की आकडा चढतो. म्हणून चौदाच्या चौदा फिके. म्हणून वस्त्यांचे नाहीत. ते ऐकता ऐकता त्यांची पाठ, इतकी वर्षं ताठ राहिलेली ती पाठ, खुर्चीला टेकली.

"म्हंजे माझ्या हातानं बिघडलं?"

"हो आप्पा. बरं झालं बिघडलं."

"बिघडलं ते बरं कसं बाई?"

"रक्त खराब असतं तर ते आपल्याला दुरुस्त करता आलं नसतं. तुमची चूक दुरुस्त करता येते."

आप्पा उठले, कोमट पाण्याचं भांडं उचललं, आणि बाहेर नेऊन बाभळीच्या बुडाशी ओतलं. त्या उन्हाळ्यात पाणी कुणी असं ओतत नसे.

मॅडमना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "चूक सापडली म्हणून एवढं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदा ऐकतेय." ते चौदा आकडे त्यांनी संशोधनातून काढून टाकले आणि का काढले तेही वहीत लिहिलं. नवे आकडे हाती येईपर्यंत गावात काही बोलू नका, असंही बजावलं. आठवड्यानं आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी पेटीला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली, आणि रक्त घेऊन झाल्या झाल्या जीप सरळ अंबाजोगाईला पाठवली. आप्पा लांब उभे राहून बघत होते, दोन्ही हात मागे बांधून.

दुसऱ्या खेपेला मी पुन्हा तेजाबाचा थेंब टाकत गेले. एकेक खळगा पिवळा होत गेला. सगळे गडद नव्हते, कोऱ्या चहाचं गाव होतं ते. पण वस्त्यांसारखेच. नववा खळगा हळदीसारखा. आकडा असावा त्यापेक्षा जरासा वर, बी-बारा कमी. मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, रोज एक पेला दूध, कुणी काहीही म्हटलं तरी. पुढे दोन वर्षांनी मंगलला मुलगी झाली. ते त्या गोळ्यांनी झालं की आपसूक, हे मला सांगता येत नाही. आमच्या संशोधनात तो प्रश्नच नव्हता, आणि एका बाईवरून निष्कर्ष काढायचा नसतो. पण तो खळगा पिवळा झाला तेव्हा छातीवरून जे उतरलं, ते मला अजून आठवतं. जड कॅन उतरवून ठेवल्यावर हात आपोआप वर जातात ना, तसं.

आकडे घेऊन मी गावी गेले. पहिल्यांदा मंगलला सांगितलं. तिनं डोक्यावरचा पदर काढला आणि केस मोकळे करून वारा लागू दिला. मग आप्पांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "चौदाचे चौदा ठीक?"

"ठीक. थोडी औषधं लागतील काहींना. भिण्यासारखं काही नाही."

"मग तू नको जाऊस सांगाया," ते म्हणाले. "मी जातो."

आणि भर उन्हात, डोक्यावर पंचा टाकून, आप्पा निघाले. मी मागून गेले, कारण मला विश्वास वाटत नव्हता. पहिलं घर सरूकाकूंचं. आप्पा दारातच उभे राहिले. "सरूबाई, तुमचं रगत चांगलं हाय. पयल्या वक्ताला जास्त लागलं ते माझ्यामुळं. मी नळ्या कोमट केल्या. माझं चुकलं."

सरूकाकूंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग परत आप्पांकडे. "तुमचं?"

"माझं."

दगडूमामांच्या दारात तर त्यांनी दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा मामांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. "काय म्हटलास? परत म्हण."

"माझं चुकलं बे."

मामांनी बायकोला हाक मारली, सुनेला हाक मारली. "या, या, भाईर या! आप्पा चुकलाय!" आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्यांनी आप्पांच्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की पंचा खाली पडला. सून म्हणाली, "मामंजी, हळू की." आठ-दहा दिवस लकव्याच्या भीतीनं तो माणूस धड जेवला नव्हता, हे तिनं मला नंतर सांगितलं.

तेरा घरं झाली. कुणी पाणी विचारलं, तर आप्पा नको म्हणत. पाण्याचं कुणाला ओझं नको. शेवटी आम्ही घरी आलो. मंगल चुलीपुढे होती. आप्पा तिच्यासमोर तसेच उभे राहिले, बाकीच्या दारांत उभे राहिले होते तसे, परक्या माणसासारखे.

"मंगल, तुझ्या नळीत माझं चुकलं."

"ताईनं सांगितलं की आप्पा. बसा बरं खाली."

ते बसले. पंच्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "तुमची आई दवाखान्यात होती तवा मी तीन दिवस दारात बसून होतो. वाटायचं, आतून कुणीतर येईल अन् म्हणंल, आमचं चुकलं, बाई ठीक हाय. लई वाट बघितली. कुणी आलं न्हाई."

मंगलनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"आज मला तेरा घरी जाऊन तसं म्हणाया मिळालं," आप्पा म्हणाले. "तू धरून चौदा. लई हलकं वाटायलंय बाई."